पडले नाहीत, आलेच नाहीत

...आणि पुन्हा तोच प्रश्न, ‘कधी पडले?’ तुम्हाला सांगते, छत्तीस वर्षांत मला माझे नावही इतक्या वेळा कोणी विचारले नसेल, आणि दर वेळी मी तितक्याच शांतपणे सांगत आले, पडले नाहीत, आलेच नाहीत. वरचे दोन दात, मधल्या जोडीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक. हिरडीत बीजच नाही, तर उगवणार काय? पण लोकांना नुसता अभाव पुरत नाही हो, अपघात लागतो... कोणी सायकलवर शंका घेते, कोणी आवाज उतरवून ‘यजमान रागीट आहेत का’ विचारते. मी अविवाहित आहे!

तर आमच्या कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकवते, आणि नोकरीत कायम होण्याची वेळ आली तेव्हा हेडक्लार्क रुपरावांनी सेवापुस्तक पुढे केले, त्यात ओळखीची खूण, वळणदार अक्षरात: ‘वरचे दोन दात पडलेले’. असत्य विधानाखाली मी सही करावी? मी म्हटले, दुरुस्त करा, पडले नाहीत, आलेच नाहीत.

“करून टाका ना सही, मॅडम. दात नाही म्हणजे पडलेच असन. जाईन कुठं?”

आता पडायला आधी असावे लागते, हे पदवी नसलेल्या माणसालाही कळावे की नाही? मी वीस मिनिटे समजावले, चूल थंड आहे म्हणून ती विझलीच असे ठरत नाही, पेटवलीच नसेल... रुपरावांनी सुपारी कातरत सगळे ऐकले आणि म्हणाले, पुरावा आणा, शुक्रवारी फाइल जाते, नाही गेली तर पुढच्या वर्षी.

दातांचे डॉक्टर म्हणाले, आज नाहीत एवढे लिहून देतो, पूर्वीचे मी कसे सांगू? प्रामाणिक माणूस, अडचण तीच. उरली भागीरथामावशी, जिने मला लहानाचे मोठे केले, माझा दात न् दात जिला पाठ. शुक्रवारी तिला रिक्षातून आणले, पंख्याखाली बसवले, आणि रुपरावांनी अदबीने विचारले, आजी, हे दोन दात मॅडमना कधी आलेच नाहीत ना?

“आले नाही कसे? दुधाचे आले होते ना! पडले तं म्याच घरावर, कवेलूवर फेकले. काहून लपवून राहिली वं?”

दुधाचे दात... ते मी कधी जमेत धरलेच नव्हते. रुपरावांनी पेनाचे टोपण काढून पेन माझ्यापुढे ठेवले. मी विचार केला, तुम्हीही करून पाहा: दोन दात आले, दोन दात पडले, विधान सत्य. त्या जागी पुन्हा काही उगवले नाही हे दुसरे विधान, आणि सेवापुस्तकात त्याला रकाना नाही.

केली सही. कायम झाले. मावशी पायऱ्या उतरताना म्हणाली, एवढ्यासाठी मले बोलावलं होय वं?

म्हणून आता कोणी विचारले, ‘कधी पडले?’, तर मी वाद घालत नाही. सांगते, सातव्या वर्षी. कवेलूवर आहेत, हवे तर चढून पाहा.