टिटवीला घातलेला भात

हसू नका, पण प्लेगाच्या उन्हाळ्यात मुंबई सोडून ठाण्याच्या खाडीवर राहिलो, तेव्हा एका टिटवीवर माझा फार जीव जडला होता. मिठागराच्या बांधावर, खड्यांत तिची चार अंडी होती. मी रोज लांबून बघायचो. वाटलं, बिचारी उपाशीच बसते. म्हणून जेवणाआधी तिच्याजवळ मूठभर भात ठेवू लागलो. तिसऱ्या दिवशी बघतो तर नुसती टरफलं!

मिठागरावर राबणारा धर्मा म्हणाला, "भटजी, टिटवी कधी भात खाते का? तिनं अंडी लपवलेली. तुमी कावल्यांना जागा दाखवली."

परवा वडिलांच्या श्राद्धाला कावळा पहिल्याच हाकेला पानाला शिवला. सगळे म्हणाले, "वडील तृप्त झाले!" माझ्या कानात मात्र टिटवी ओरडत होती.