बंद केलेली गोळी

हॅलो?… हो, आम्रपालीच बोलतेय… कोण?… पूनम. चिखलीची ना? हो हो, लिव्हरच्या ओपीडीतल्या सिस्टर म्हणाल्या मघाशी, एका पेशंटला तुझा नंबर देतेय म्हणून… नाही गं, बोल ना. चाकणला कंपनीत आहे, जेवणाची सुट्टी झालीय. थांब, कॅन्टीनच्या बाहेर येते… हं. बोल आता.

कितवा महिना?… चौथा लागला. आणि लिव्हरचं कधीपासून?… तीन वर्षं. माझंही तेच. आपलंच शरीर आपल्या लिव्हरवर उठतं, तेच ना?… हो, रोजची गोळी. मग बंद कधी केलीस?… सहा दिवस झाले… अगं, रडू नकोस. सहाच दिवस झालेत. डॉक्टर काय म्हणाले?… आजपासून पुन्हा चालू, उद्या सकाळी रक्त तपासायचं. बरोबर. मग अडलंय कुठे?

सासूबाई… हं… बाळाला बाधेल म्हणतात…

अगं ऐक ना. मला तर कुणी सांगितलंही नव्हतं. मी माझ्या मनानेच बंद केली. मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि घाबरले. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, रोज विचारायच्या, गोळी घेतलीस का. मी हो म्हणायचे आणि गोळी बेसिनमध्ये… हो, खोटं बोलले. दीड महिना.

…काय होणार? आधी नुसता थकवा. मला वाटलं, दिवस गेलेत, थकायला होणारच. मग एक दिवस लाइनवर पार्ट तपासत होते. तिथे डोक्यावर पांढरी झगझगीत ट्यूब असते. शेजारची विजयश्री म्हणाली, तुझे डोळे पिवळे दिसतायत. मी म्हटलं, उजेडामुळे असेल. तिने काही माझं ऐकलं नाही, सुपरवायझरला सांगून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी अ‍ॅडमिट. अकरा दिवस.

…बाळ? राहिलं बाळ. पण रोज सकाळी सिस्टर पोटावर मशीन ठेवून ठोके शोधायच्या ना, ते सापडेपर्यंत मी श्वास रोखून पडून राहायचे.

…नाही, रागावलं नाही कुणी. लिव्हरचे डॉक्टर आणि बाळंतपणाच्या मॅडम दोघं बरोबरच आले. मॅडम एवढंच म्हणाल्या, "बाळाला जे मिळतंय ते तुझ्यातूनच. तू बरी राहिलीस तर ते बरं राहील." मग गरोदरपणात यातलं कुठलं औषध चालतं, कुठलं नाही, सगळं बसून समजावलं. दर पंधरा दिवसांनी रक्त, अधूनमधून सोनोग्राफी. आठव्या महिन्यापर्यंत ड्युटी केली मी. फक्त रात्रपाळी सोडली.

…मुलगी. तीन आठवडे आधीच आली, पण रडली ती अख्खा वॉर्ड गोळा करून. आता अकरा महिन्यांची आहे… गोळी? चालूच आहे. बाळंतपणानंतर तर जास्तच जपायला लागतं म्हणतात.

सासूबाई शेजारीच आहेत?… दे त्यांना… दे गं, भांडणार नाही मी.

नमस्कार मावशी… हो… हो, ऐकतेय… पूनमच्या मिस्टरांच्या आधी?… पाच महिन्यांचं, पोटातच गेलं… आणि तेव्हा गोळ्याच दिल्या होत्या डॉक्टरांनी… हं… हे पूनमला सांगितलंय तुम्ही?… कुणालाच नाही.

…मावशी, मग तुम्ही घाबरलात त्यात काही चुकलं नाही… नाही, मी डॉक्टर नाही. तेव्हा काय झालं ते मला नाही सांगता येणार. पण पूनमचा आजार ज्यांना माहीत आहे त्यांनी ही गोळी दिलीय, आणि पोटात बाळ आहे हे धरून दिलीय. माझी मुलगी पोटात होती तेव्हा मी हीच गोळी घेत होते… हो, हीच… चांगली आहे. भिंत धरून चालते.

तुम्ही स्वतः या गुरुवारी ओपीडीत. दोन्ही डॉक्टर एकत्र बसतात. आत्ता मला सांगितलंत ना, तेच त्यांना सांगा… विचारा की. ऐकून घेतात. मीही असेन, माझी तपासणी आहे… पण गोळीसाठी गुरुवारपर्यंत थांबायचं नाही, मावशी. ती आज घ्यायची.

…हॅलो?… मावशी?… हं, पूनम. कुठे गेल्या?… पिठाच्या डब्यामागून गोळ्या काढल्या?… त्यांनीच लपवून ठेवल्या होत्या होय. असू दे. आता काही बोलू नकोस. पाणी घे. मी आहे फोनवर…

घेतली?… बरं झालं. उद्याचं रक्त चुकवू नकोस. आणि डोळे पिवळे वाटले, लघवी गडद झाली, हातापायांना फार खाज सुटली, तर गुरुवारची वाट बघायची नाही. लगेच सिस्टरना फोन.

…काय विचारतायत मावशी?… हो, आणेन की मुलीला. कडेवर घ्यायचंय त्यांना? घेऊ दे. जड आहे म्हणावं, नऊ किलोची… हसल्या का?… रडतायत.

मग जा, बस त्यांच्याजवळ. आधी त्यांचं ऐकून घे. फोन ठेव, पूनम.