रिकामा चिमटा

—नाही हो काकू, आवाज कमी नाही करता येणार, तेच तर सांगतेय मघापासून. आणि बेल नका वाजवू, बेलवर मी चिकटपट्टी लावलीय ती काय शोभेला? बाळ झोपलंय. हो, ह्याच रेकॉर्डच्या दणदणाटात झोपलंय! तुम्हाला वाटतं आवाजानं उठेल — अहो, आवाज थांबला की उठतं ते. काल तुमचा निरोप आला तसं ह्यांनी मुकाट्यानं बंद केलं — केलं की नाही? — आणि मग तासभर रडणं कुणाचं ऐकलंत तुम्ही? मग! पोटात होतं तेव्हापासून हेच ऐकतंय, त्याची अंगाईच ही. छताचा पोपडा तुमच्या चहात पडला, कबूल, मी दुसरा करून देते — पण आत या, दारात नका उभ्या राहू. आणि चप्पल काढून ठेवा. नाही, पायातली नाही, हातातली म्हणतेय.

ह्या तिघांच्या अवतारावर जाऊ नका. तो डोक्यावर केसांचे काटे उभे केलेला — त्याला सगळे खिळाच म्हणतात — नळदुरुस्ती करतो, उद्या तुमची मोरी तुंबली तर तोच धावत येईल. नाकात कडी घातलेले ते माझे दीर, शाळेची बस चालवतात, पोरांना ‘नीट बस हं राजा’ म्हणतात. आणि जमिनीवर पालथे पडलेत ते आमचे हे. रविवारी मैदानावर पंकचा फेस्टिव्हल आहे ना — पंक म्हणजे, कसं सांगू, सूर जेमतेम असले तरी चालतात, पण पोटात आग पाहिजे — गावोगावचे बँड येणार, त्याचं वेळापत्रक लावायला बसलेत सकाळपासून. वेळापत्रक राहिलं बाजूला, आणि भांडण कशावरून? तर कुठला अल्बम भारी. हे म्हणतात ‘गंजका पत्रा’ बँडचा पहिला, गॅरेजमध्ये केलेला, त्यात मध्येच कुत्रं भुंकतं. खिळा म्हणतो दुसरा. हे म्हणाले, दुसऱ्यात कुत्रं कुठाय? स्टुडिओत गेले, विकले गेले! खिळा म्हणाला, कुत्रंच ऐकायचं तर रस्त्यावर जाऊन बस. आणि भाऊजींचा आवडता कुठला, माहितेय? जो निघालाच नाही तो! बँड फुटला, अल्बम झालाच नाही — म्हणे तोच सगळ्यात शुद्ध, कारण अजून कुणी ऐकून बिघडवलेला नाही. आता बोला. आमच्या बँडचीपण एक कॅसेट निघाली होती, काकू… तिचं नाव कुणी काढत नाही. जाऊ दे.

ती दोरी बघा — लंगोट वाळताहेत त्याच दोरीवर वेळापत्रक. एकेका बँडची चिठ्ठी, एकेका चिमट्यात. डावीकडे सकाळ, उजवीकडे संध्याकाळ. सगळं लागलंय, फक्त शेवटचा चिमटा रिकामा. का? दुसरीकडे शेवटी वाजवायला मारामाऱ्या होतात, शेवटचा तो मोठा म्हणून. आमच्यात उलटं! पंकात मोठं कुणी नसतं ना — मग शेवटचं कुणालाच नको. ज्याला विचारावं तो म्हणतो, ‘आम्ही काय स्टार आहोत का?’ सगळ्यांना सकाळी वाजवायचंय, मैदानात चिटपाखरू नसताना. आणि संध्याकाळी दिवे लागतात, माणूस माणसाला चिकटून उभा असतो, तेव्हा स्टेजवर कोण? कुणी नाही. मी सकाळपासून लंगोट काढायच्या निमित्तानं जातेय आणि तो चिमटा सरकवून ह्यांच्या नाकासमोर आणतेय. दिसेल तर शपथ!

आमच्या बँडात कोण गायचं म्हणजे… मीच की. हसता काय? सातवी शिकलेय, सूर-बीर मला कळत नाहीत, पण मी ओरडले की माईकवाला कान धरून खाली बसायचा. मग बाळ झालं, आणि — बघताय ना, कुजबुजतेच आहे मी. भांडं हळू ठेवते, शिंक आली तर बाथरूममध्ये जाऊन शिंकते, ते झोपलं की नाकापाशी बोट धरून बसते. सगळे म्हणतात तू आता आराम कर. मायेनंच म्हणतात हो, म्हणून तर भांडतापण येत नाही. आणि मलाच भीती… रेकॉर्डमधलं कुणी ओरडतं ते वेगळं, काकू. आई ओरडली, ते दचकलं, आणि मग माझ्याकडे यायलाच बघेना तर? त्याला माझा हाच आवाज माहिती आहे, हा शूऽ शूऽ वाला. पोटात ऐकलं असेल म्हणता? हो, म्हणाले मी मघाशी — पण ते तुम्हाला पटवायला. माझं मला कोण पटवणार? तुमचा पाय हलतोय बरं का काकू. ठेका बरोबर आहे. नाही म्हणू नका, हलतोय.

थांबा. काय म्हणाले भाऊजी? ऐकलंत? शेवटचा अर्धा तास रिकामाच ठेवायचा! स्टेजवर कुणी नाही, नुसती शांतता, आणि म्हणे तेच खरं पंक! खिळा मान हलवतोय… हेसुद्धा! अहो — अहो, तो चिमटा कशाला काढताय? राहू दे तो. राहू दे म्हणते ना — ठेवा तो चिमटाऽऽ! शेवटी मी ओरडणार आहे! मीऽऽऽ!

…

अगं बाई. केवढ्यानं… काकू, हलू नका. बघा ना जरा पाळण्यात, माझ्यानं नाही बघवत. झोपलंय? खरंच? अंगठा तोंडातच? …अरे खिळ्या, रेकॉर्डवरची सुई का उचललीस तू? असे गप्प नका बसू रे सगळे, माझ्याकडे काय बघताय, लाव काहीतरी, कुत्र्याचं लाव — झालं! उठलं! ऐका, काकू, तुम्ही साक्षीला आहात हं — माझ्या ओरडण्यानं नाही उठलं, ह्यांच्या शांततेनं उठलं! आले रे सोन्या, आले, ये… बघा, आलं की हसत. — भाऊजी, चिमटा जागेवर, आणि चिठ्ठीवर नाव नीट लिहा. — तुम्ही निघा आता, काकू. चहा उद्या. घरी गेलात की कपाटावरच्या कपबश्या तेवढ्या खाली काढून ठेवा, तालीम आत्तापासूनच आहे. आणि ही चप्पल घ्या तुमची. पायात घाला.