चढावर थांबलेला टेम्पो

(अर्ध्या चढावर एक टेम्पो उभा आहे, तोंड वरच्या बाजूला, मागच्या हौद्यात एक मोठी काच. स्टिअरिंगवर, काचवाल्याच्या जागी ब्रेक दाबून, त्याची बायको, तिच्या डावीकडे त्याची आई. काचवाला खाली उतरून गाडीमागे गेला आहे. त्याचा आवाज मागूनच येतो.)

बायको: पाय काढायचा नाही, ते कळलं हो. पण किती वेळ?

काचवाला: दगड मिळेपर्यंत.

बायको: मिळाला का?

काचवाला: कुठला मिळतोय! रस्ता बघ, झाडूनपुसून ठेवल्यासारखा. एक खडा नाही.

आई: रस्ता खराब असला तरी ओरडतोस, चांगला असला तरी ओरडतोस.

काचवाला: आई, जरा गप्प बस.

आई: बसलेच आहे. माझ्या बाजूची कडी आतून उघडत नाही म्हणून बसले आहे. कितीदा सांगितलं, दुरुस्त कर.

बायको: अहो, हँडब्रेक परत ओढून बघू का?

काचवाला: ओढून काय होणार? मघाशी धाडकन आवाज झाला ना, तेव्हाच शाफ्ट तुटला. इंजिनाकडून चाकाकडे जाणारा दांडाच गेला. या गाडीचा हँडब्रेकही त्याच दांड्यावर आहे. आता गिअर टाक नाहीतर हँडब्रेक ओढ, चाकाला पत्ताच लागणार नाही.

आई: म्हणजे सगळी भिस्त हिच्या पायावर.

काचवाला: हो.

बायको: मला गाडी चालवता येत नाही हो.

काचवाला: चालवायची कुठे आहे? उभीच ठेवायची आहे.

बायको: विनोद नंतर करा. पोटरीत गोळा आलाय माझ्या.

काचवाला: गुडघ्यावर हात ठेव. हातानं दाब दे.

बायको: देते आहे. अहो... पाय खाली चाललाय.

काचवाला: जोर कमी करू नकोस!

बायको: कमी नाही केला. जोर तेवढाच आहे, पायाखालचंच खाली जातंय. चिखलात रुतल्यासारखं. हळूहळू.

काचवाला: थांब, वाकून बघतो... चाकाशेजारी ओलं दिसतंय. दांडा तुटताना गरकन फिरला असणार. ब्रेकच्या नळीला लागला.

आई: म्हणजे?

काचवाला: ब्रेकचं तेल गळतंय.

आई: संपलं की?

बायको: सांगा ना. संपलं की काय होणार?

काचवाला: संपलं की ब्रेक नाही.

आई: देवा!

बायको: खाली कोण आहे? मागे, उताराच्या तळाला?

काचवाला: न्हाव्याचं दुकान. बाहेर बाकावर तीन म्हातारे बसलेत.

आई: हाक मार त्यांना!

काचवाला: ओ काका! उठा तिथून! बाजूला व्हा!

बायको: उठले?

काचवाला: एकानं हात हलवला. त्याला वाटलं, ओळखीचा कुणीतरी आहे.

आई: एखादं दार ठोठाव. कुणी ना कुणी येईल.

काचवाला: मी इथून हललो तर झालंच.

बायको: आपला ठोकळा कुठे आहे? चाकाखाली लावायचा?

काचवाला: आहे.

बायको: मग लावा की! सीटखाली तर नाही दिसत मला.

काचवाला: काचेला लावलाय.

बायको: तरी मी सकाळी म्हटलं होतं...

काचवाला: म्हटलं होतंस. पण काच मागे सरकत होती. चढाला लागलं की सगळा भार मागे येतो. उभी केलीय त्या लाकडी घोडीवरून घसरली असती. म्हणून तिच्या मागच्या कडेला ठोकून बसवला.

आई: चाकाचा ठोकळा काचेला. शाबास! पायातला जोडा काढून डोक्याला बांधलास.

काचवाला: ती काच एकसंध आहे आई, दुकानाच्या अख्ख्या दर्शनी भागाची. एवढी मोठी आपल्याकडे कधी आली नव्हती. आता मी ठोकळा काढतो आणि चाकाला लावतो.

आई: काढलास तर काच कुठे जाईल?

काचवाला: मागे.

आई: आणि तू कुठे आहेस?

काचवाला: मागेच.

आई: वा रे शहाण्या!

बायको: हात लावू नका हो ठोकळ्याला! आणि तुमचा आवाज एवढा जवळून कसा येतोय? आरशात तर दिसत नाही तुम्ही.

काचवाला: बाजूला आहे मी.

बायको: कुठल्या बाजूला? हात दाखवा.

काचवाला: तू पुढे बघ.

बायको: हात दाखवा म्हणते ना!

आई: अगं, तो मागच्या फाळक्याला टेकलाय. पाठ लावून उभा आहे. बाप असाच होता, जड काही घसरायला लागलं की पाठ द्यायचा. खरं ना रे?

काचवाला: टेकलो आहे थोडा.

बायको: वेड लागलंय का तुम्हाला?

काचवाला: ओरडू नकोस, पाय हलेल. मी पाठीनं धरून ठेवलीय, म्हणून तर उभी आहे.

बायको: एवढी गाडी, एवढी काच, आम्ही दोघी, आणि तुम्ही पाठीनं धरलीय?

आई: मला नका मोजू. मी वाळून चिपाड झाले आहे.

बायको: अहो, माझं एक ऐका. पाठ जरा ढिली करा. काढू नका, नुसती ढिली करा. हलली तर परत लावा.

काचवाला: नको.

बायको: करा ना!

काचवाला: ...केली.

बायको: हलली?

काचवाला: नाही.

बायको: आणखी करा. हलली?

काचवाला: नाही.

बायको: मग कुणी धरलीय? ब्रेकनं धरलीय. तो आहे तोवर तुमची गरज नाही, आणि तो गेला की तुम्ही तिला पुरणार नाही.

काचवाला: पहिला रेटा तरी घेईन. अजून निघालेली नाही, तोवरच थोपवता येते. एकदा वेग धरला की...

बायको: की काय? बोला.

आई: मी विचारते. दुकानात पहिल्या दिवशी बापानं काय शिकवलं तुला?

काचवाला: आता ते कशाला?

आई: सांग.

काचवाला: पडती काच धरू नये.

आई: का?

काचवाला: हातात असते तोवर दोघांना उचलता येते. सुटली की चौघांना पेलत नाही.

आई: मग करायचं काय?

काचवाला: हात वर करायचे आणि दूर व्हायचं.

आई: मग हो की दूर.

काचवाला: ही गाडी आहे आई. काच नव्हे.

आई: गाडीला काय माहीत, ती गाडी आहे?

काचवाला: आणि ते तीन म्हातारे?

बायको: डावीकडे भिंत आहे ना? फुटपाथची कडही उंच आहे. गाडीचं मागचं टोक तिकडे नेलं तर? कडेला टेकेल, भिंतीला घासेल, पण खाली तर नाही जाणार.

काचवाला: न्यायचं तर गाडी मागे सोडावी लागेल.

बायको: सोडते. आपणहून सोडली तर वीतभर सोडू. तेल संपल्यावर तीच सुटेल, मग मोजायला कोण थांबणार आहे?

काचवाला: तुला एकटीला स्टिअरिंग फिरवता यायचं नाही. उभ्या गाडीचं जड असतं. चाक जरा हललं की हलकं होतं.

बायको: म्हणून तर म्हणते, इकडे या. खिडकीतून हात घाला.

काचवाला: आणि मीच आत बसलो तर?

बायको: आता पाय बदलता येणार नाही. पार तळाला गेलाय. लवकर या.

काचवाला: येतो. तू आधी जरा...

बायको: काही आधी नाही. तुम्ही मला दिसल्याशिवाय मी काहीही सोडणार नाही. मग तेल संपू दे.

आई: हट्टाला पेटली ही. ये बाबा.

काचवाला: आलो. हा बघ. दिसलो?

बायको: केवढे घामेजलात!

काचवाला: ते राहू दे. नीट ऐका दोघी. मागे जाताना डावीकडे वळवलं की मागचं टोक डावीकडे जातं. आई, तू वरून चाक धर आणि तुझ्याकडे ओढ. मी इकडून वर ढकलतो. तू फक्त पाय बघ. एकदम नाही काढायचा. झाकण उघडताना वाफ सोडतो तसा.

बायको: सोडू?

काचवाला: हं, हळू.

बायको: हलली!

काचवाला: ओढ आई! ओढ!

आई: ओढतेय रे!

काचवाला: हलकं झालं, फिरतंय. आता दाब!

बायको: दाबलाय! लागत नाही! अहो, खाली काहीच नाही!

काचवाला: हात सोडू नका! आई, अजून!

आई: भिंत आली! आली, आली—

बायको: आई गं!

काचवाला: लागलं का? कुणाला लागलं?

आई: डोकं आपटलं जरासं. आहे जागेवर.

बायको: थांबली?

काचवाला: थांबली. चाक कडेला बसलंय, भिंतीनंही धरलंय. जात नाही आता.

बायको: नक्की?

काचवाला: नक्की. पाय काढ.

बायको: निघत नाहीये.

काचवाला: बरं, राहू दे. निघेल.

आई: कसला आवाज झाला नाही मागून. काचेचा.

बायको: बघितली का हो काच?

काचवाला: नाही.

बायको: मग बघा ना जाऊन.

काचवाला: बघतो. जरा बसतो आधी.