ट्यूबलाइट बंद करा

हॅलो?... ताई! अगं कालपासून फोन लावतेय तुला... थांब, स्पीकरवर टाकते, हात रिकामे नाहीत.

कुठे म्हणजे? लॅबमध्ये!... हो, आमच्याच. आल्या आल्या मोजदाद केली. मी फ्लास्क अकरा सोडून गेले होते, आठ उरलेत. ब्युरेटच्या नळ्या दोन, एकीची तोटी गळते. स्टूल एक. त्यावर मी.

हो... हो गं, केस जिंकलो! सातच्या सात जण!

अगं ऐक ना, किंचाळू नकोस, फ्लास्क हलतोय.

फक्त मलाच नाही, आमच्या ड्रायव्हरकाकांनाही ट्रक परत मिळाला. तो हॉर्न ऐकलास? तेच. सकाळपासून उगाचच वाजवतायत.

सांगते, पहिल्यापासून सांगते... हो, तेच काळजीवाहू साहेब. आमचे मॅनेजर. आमच्या तब्येतीच्या तपासणीच्या फायली कंपनीच्या डॉक्टरांच्या कपाटातून वर मागवून घेतल्या आणि आठवड्याभरात काकांची साखर बघून ट्रक काढून घेतला, मला लॅबमधून उचलून लेबलं चिकटवायला बसवलं. वर म्हणे, ‘तुमच्याच भल्यासाठी.’

...अगं, सहा वर्षांत एकदाही फिट आलेली नाही, हे त्याच फायलीत लिहिलंय! ते पान मात्र दिसलं नाही त्यांना.

तर कोर्टात साहेब म्हणाले, ‘फायली मी उघडल्याच नाहीत. कुणाला काय आजार आहे, मला ठाऊक नाही. बदल्या कामाच्या सोयीने केल्या.’ छातीवर हात ठेवून, ताई!

आणि आमच्याकडे पुरावा काय? काही नाही. वकीलबाई मला हळूच म्हणाल्या, फार आशा ठेवू नकोस.

मग माझी साक्ष. मी उभी राहिले, आणि वरची ट्यूबलाइट फडफडायला लागली. लुकलुक, लुकलुक... नाही, मला काही झालं नाही! लुकलुकत्या उजेडाने काहींना फिट येते, मला तो त्रास होतच नाही. पण साहेब ताडकन उठले. ‘अहो, आधी ती ट्यूबलाइट बंद करा! मॅडमना असला उजेड चालत नाही!’

...हो ना! भर कोर्टात!

नाही गं, अर्जात नुसतं ‘आजार’ एवढंच लिहिलं होतं. वकीलबाईंनी मुद्दाम नाव घातलं नव्हतं. उजेडाचं तर मी त्यांनाही बोलले नव्हते. ते फक्त डॉक्टरांनी लिहिलं होतं, खबरदारी म्हणून, फायलीत.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ साहेब म्हणाले, ‘फायलीत आहे ना...’ आणि तोंड उघडंच राहिलं. त्यांच्या वकिलाने टेबलावर कपाळ टेकलं. टक्कन आवाज आला, शपथ!

हस, हस... मीसुद्धा तिथेच फुटले असते. काकांनी माझा हात दाबून धरला.

...वाईट? हो, थोडं वाटलं गं. माणूस खरंच घाबरून उठला होता. पण काळजी होती तर मला विचारायचं ना. मी सांगितलं असतं, की नसतं सांगितलं. ते माझं मी ठरवलं असतं.

काय?... आता सगळ्यांना कळलं, मग काय? तू मला आठवीपासून ‘झाकून ठेव, झाकून ठेव’ म्हणत आलीस... रागावत नाहीये गं. तू घाबरतेस, माहितीये मला... बरं, डोळे पूस आधी. आई शेजारी आहे का?... मग तिला जिंकलो एवढंच सांग, ट्यूबलाइटचं मी सांगणार!

...साहेब? इथेच आहेत, काचेच्या दारापलीकडे. घड्याळ बघतायत. काकांचा ट्रक भरून उभा आहे, व्हिनेगरचा अख्खा माल. आंबटपणा तपासून मी सही केल्याशिवाय हलत नाही. आणि सकाळी काय म्हणाले माहितीये? ‘हात थरथरला तर? दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ का?’

...नाही, भांडले नाही. म्हटलं, तपासणी तीनदा करते. तिन्ही आकडे जुळले तरच सही, नाहीतर माल परत उतरवा.

दोन झाले. दोन्ही वेळा सोळा पॉइंट सात. हे तिसरं.

नाही, फोन ठेवू नकोस. फक्त बोलू नकोस... ताई, श्वाससुद्धा ऐकू येतोय तुझा... हं. थेंब थेंब सोडतेय... अजून रंग नाही... अजून नाही...

अरे, काकांना कुणीतरी सांगा रे, एक मिनिट हॉर्न नको!

...हं... एक थेंब... आला! गुलाबी. फिकट, पाहिजे तस्साच. हलवला... टिकला.

थांब, वाकून वाचते.

सोळा पॉइंट सात.