न झिजणाऱ्या चकतीची गोष्ट

बाबा : ...थांब, पुन्हा पहिल्यापासून म्हणतो. "मंडळी, जरा जवळ सरकून बसा. पाच धातूंची गोष्ट सांगतो. त्यांच्यात कोणी राजा नव्हता, कोणी चाकर नव्हता..." कसं वाटतंय, रुओ-हान?

रुओ-हान : देवळापुढे बाहुल्यांचा खेळ सुरू झाल्यासारखं. उद्या संशोधनाचं बक्षीस घ्यायचंय ना तुम्हाला?

बाबा : लोक ऐकतील तरी! "ते पाचही समसमान मिसळून आम्ही चकती घडवली. पोलादाची गोळी तिच्यावर दाबून फिरवली, फिरवली. चकती झिजली नाही. उलट तिचं वजन वाढलं!" इथे टाळ्या पडणार बघ.

रुओ-हान : वजन आलं कुठून, तेही सांगा की.

बाबा : गोळीकडून. गोळी झिजते, तिचा चुरा चकतीवर थापला जातो. तोच थर चकतीला जपतो.

रुओ-हान : आणि झिजलेली गोळी?

बाबा : टाकायची. नवी लावायची.

रुओ-हान : हं. आभार कोणाकोणाचे मानताय?

बाबा : गुरुजींचे, विद्यार्थ्यांचे. गोळी फिरवणाऱ्या यंत्राचेसुद्धा! इतक्या वर्षांत एकदा रुसलं नाही.

रुओ-हान : रुसेल कसं? यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्यावर ठेवलेला खाऊचा हिरवा पुडा कधी शिळा झाला नाही. तारीख उलटायच्या आत कोण बदलायचं तो?

बाबा : ...तुझी आई.

रुओ-हान : दिवसभर डुकराचं मांस कुटून गोळे वळून विकायची, हातगाडी बंद करून तुमच्या प्रयोगशाळेत यायची. आधी भूमीदेवाला हात जोडायची, मग तुमच्या यंत्राला. तुम्हाला पगार नव्हता तेव्हा चूल तिच्या गाडीवर पेटायची. शेवटी इस्पितळात अंगठा मागितला, तर ठसाच उमटेना. बोटं पार गुळगुळीत. नर्स म्हणत होती, "मावशी, जरा जोरात दाबा ना."

बाबा : मी तेव्हा...

रुओ-हान : जपानला होतात. चकती दाखवायला.

बाबा : अगं, भर सभेत बायकोचं नाव घेऊ? हसतील लोक.

रुओ-हान : यंत्राचे आभार मानाल, तेव्हा नाही हसणार?

(बाबा आईच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावतात.)

बाबा : बरं, शेवट बदलतो. "मंडळी, कौतुक चकतीचं करा, पण त्या गोळीचीही आठवण ठेवा." झालं समाधान?

रुओ-हान : गोळीला नाव नसतं, बाबा. आईचं शिऊ-हा होतं. तेवढं तरी लक्षात ठेवा.