पाहुणी की भाडेकरू

हेराशोभा: "आपण कोण?" असं म्हणाला? तुला? सकाळी तुझ्याच वाटीतलं लोणचं मागून खाल्लं, आणि कचेरीच्या खिडकीत बसल्यावर विचारतो, आपण कोण!

नदीशा: तसंच म्हणाले, अजी. "आपलं शुभनाव काय, आपला देश कोणता?" मी म्हटलं, दादा, मी नदीशा. तुमच्या वरच्या खोलीतली. तर इकडेतिकडे बघून म्हणाले, "विद्यापीठात कुणी कुणाचा दादा नसतो. देश सांगा."

हेराशोभा: ऐकतेय ना मी. ऐकतेय. भूकंपात ह्याचं खोकना गावातलं घर बसलं, तेव्हा माझी केशरी नि हा, दोघं एक पेटी घेऊन माझ्या पायरीवर उभे होते. मी विचारलं होतं का, आपण कोण? म्हटलं, चपला तिथे काढा, भात झालाय. जावयाला बोलता येत नाही, हीच माझी पंचाईत. मुलगा असता तर दोन दिल्या असत्या. हा लसूण घे. सोल. हात रिकामे राहिले की तू रडतेस.

नदीशा: रडत नाहीये मी. मला कळत नाहीये. कुणीतरी सांगावं की तुझं हे चुकलं. चूकच कुणी सांगत नाही.

हेराशोभा: मला सांग. अजी म्हणतेस, म्हणजे आजीच ना मी तुझी? सावकाश सांग. मी दुसरीतून शाळा सोडली, पण कान शाबूत आहेत.

नदीशा: बँक म्हणते, नोंदणी क्रमांक आणा, मग शुल्क भरून घेऊ. खिडकी म्हणते, शुल्काची पावती आणा, मग क्रमांक देऊ.

हेराशोभा: मग दोघांतलं कुणीतरी आधी हलेल की नाही?

नदीशा: नाही ना. मग मी विभागात गेले. प्रमुख फार गोड बोलले. म्हणाले, तुम्ही आमच्या पाहुण्या संशोधक, आम्हाला आनंद आहे. फक्त नोंदणी झाल्याशिवाय आम्हाला तुम्हाला पाहुणी म्हणता येत नाही. आणि खिडकी म्हणते, विभागानं पाहुणी म्हटल्याशिवाय नोंदणी करता येत नाही.

हेराशोभा: थांब, थांब. तू विद्यापीठाची कोण?

नदीशा: पाहुणी. पाहुणी संशोधक.

हेराशोभा: आणि पाहुणीकडून पैसे घेतात?

नदीशा: घेतात. विद्यार्थ्यांपेक्षा जास्त.

हेराशोभा: पाहुणीकडून! अगं, पाहुण्यांचा म्हणून आमच्यात एक सण आहे. त्या दिवशी लेकी-जावई, भाचे-भाच्या, सगळ्यांना बोलावून जेवू घालतात. त्यातलं कुणी उठताना पानाशेजारी नोट ठेवील, तर मी ती नोट त्याच्यामागून जिन्यावरून खाली भिरकावीन.

नदीशा: पण अजी, मी दर महिन्याला तुम्हाला...

हेराशोभा: हळू बोल! खिडकी उघडी आहे.

नदीशा: ...दर महिन्याला कोनाड्यात ठेवते ते?

हेराशोभा: ते तू दिव्याशेजारी काहीतरी ठेवतेस. मी कधी हातात घेतलंय?

नदीशा: नाही. "तिथे ठेव" म्हणता आणि तोंड फिरवता.

हेराशोभा: झालं तर मग. आमच्या घराण्यात कुणी खोल्या भाड्यानं दिल्या नाहीत. आम्ही जमिनीची माणसं. समोरची ज्ञानथकूं बघ, सगळा मजला देऊन बसलीय आणि गल्लीत सांगते, भाचे आलेत. एवढे उंच, गोरे भाचे कुठून आले, ते तिचं तिला ठाऊक.

नदीशा: अजी, अडचण तिथेच आहे. वॉर्डातून राहण्याचा दाखला आणला ना आपण? त्यात तुम्ही काय लिहायला सांगितलं होतं?

हेराशोभा: ही माझी पाहुणी आहे, म्हणून. अंगठा नाही दिला, सही केली. मग? खोटं आहे?

नदीशा: खिडकी म्हणते, जी कुणाच्या घरची पाहुणी, ती हिंडायला आलेली. संशोधक नव्हे. घरची पाहुणी असलं की विद्यापीठाची पाहुणी होता येत नाही.

हेराशोभा: मग तू निजायचं कुठे? त्यांच्या खिडकीत?

नदीशा: भाडेकरू म्हणून राहायचं. मग विद्यापीठाची पाहुणी होता येतं.

हेराशोभा: म्हणजे मी तुला परकी म्हटलं की ते तुला आपली म्हणणार? आणि आपली म्हणून पैसे घेणार?

नदीशा: मला वाटतं, हो. नक्की नाही सांगता येत.

हेराशोभा: माझं डोकं दुखायला लागलं.

नदीशा: शुक्रवारी माझा व्हिसा संपतो. विद्यापीठाचं पत्र असेल तरच वाढतो. नाहीतर शनिवारी मी विमानात, आणि रविवारी तुमच्या शेतात भाताची लावणी. ज्या गाण्यासाठी मी श्रीलंकेहून आले, ते तुम्ही गाणार आणि मी समुद्रापार असणार.

हेराशोभा: गाणं काय, मी इथे चुलीपाशी म्हणून दाखवते.

नदीशा: तुम्हीच म्हणालात, पाय चिखलात नसले की दुसरं कडवं आठवत नाही.

हेराशोभा: ते खरंय. खूपदा करून बघितलं. नाहीच आठवत.

(जिन्यावर पावलं. अष्टमान वर येतो, टोपी काढून खुंटीला लावतो.)

हेराशोभा: या, जावईबापू. बसा. आपण कोण?

अष्टमान: आई...

हेराशोभा: शुभनाव सांगा. देश सांगा. पोहे वाढायचे तर नोंद नको का करायला?

अष्टमान: नदीशा, तू सांगितलंस होय?

नदीशा: घरात कुणी कुणाची तक्रार करत नाही, असा नियम आहे का, दादा?

अष्टमान: आई, समजून घ्या. तिथे ओळख दाखवली की बोभाटा होतो. म्हणतात, आपल्या माणसाची फाईल पुढे सरकवली.

हेराशोभा: सरकवली असती तर म्हणाले असते. फाईल तर जिथल्या तिथे आहे.

अष्टमान: मी काहीच केलं नाही असं नका म्हणू. शुल्काचे तीन दर आहेत. इथल्यांचा एक, शेजारदेशांचा एक, बाकी जगाचा एक. आमचे साहेब हिला बाकी जगात टाकत होते. म्हणे, शेजारी म्हणजे हद्द लागून हवी, मध्ये समुद्र चालत नाही. मी कपाटातून जुनं परिपत्रक शोधून त्यांच्या नाकासमोर धरलं, तेव्हा कुठे शेजारचा दर लागला.

नदीशा: मग मला सांगायचं नाही का, दादा? मी बाकी जगाच्या हिशेबानं पैसे मागवले घरून. आईनं बांगडी मोडली.

अष्टमान: खिडकीतून कसं सांगू?

नदीशा: इथे सांगायचं. ह्या पाटावर. मी रोज इथेच बसते, तुमच्या शेजारी.

अष्टमान: घरी कचेरीचं बोलायचं नाही, असं मी ठरवलंय.

हेराशोभा: कचेरीत घरचं नाही, घरी कचेरीचं नाही. मग तुम्ही बोलता तरी कुठे, रस्त्यात?

नदीशा: दादा, एक विचारू? ज्ञानथकूंकडे ती कोरियाची मुलगी आहे ना? तिची नोंदणी एका दिवसात झाली. तुम्ही मला विभागोविभागी आणायला लावलेत ते शिक्के तिला लागले नाहीत, दाखला लागला नाही. काल मी विचारलं तिला. म्हणाली, घरमालकीण माझ्याबरोबर आली, साहेबांसमोर उभी राहिली, म्हणाली, ही माझ्याकडे भाड्यानं राहते. साहेबांनी लिहून घेतलं आणि झालं.

हेराशोभा: ज्ञानथकूं गेली होती कचेरीत? भाडं म्हणाली? स्वतःच्या तोंडानं?

नदीशा: असं चालतं का, दादा?

अष्टमान: पोहे कोरडे वाटताहेत जरा.

हेराशोभा: चालतं का, विचारतेय ती.

अष्टमान: ...चालतं.

हेराशोभा: घरमालकीण स्वतः गेली तर बाकीची सगळी यातायात नको?

अष्टमान: तसा नियम आहे.

हेराशोभा: आणि हा नियम कुणाला ठाऊक?

अष्टमान: आम्हा सगळ्यांनाच.

हेराशोभा: मग मला का नाही ठाऊक?

अष्टमान: तुमचे गुडघे दुखतात. टेकडी उतरायची, पुन्हा चढायची...

हेराशोभा: माझे गुडघे रविवारी सबंध दिवस चिखलात चालतात, ते तुमच्या कचेरीपर्यंत चालणार नाहीत? गुडघ्यांचं नाव नका पुढे करू.

अष्टमान: बरं, मी विचारतो. तुम्ही तिथे भाडेकरू म्हणाल? माणसांनी भरलेल्या खोलीत? इथे खिडकी उघडी असली तरी म्हणत नाही तुम्ही.

(हेराशोभाचा हात खिडकी लावायला जातो.)

नदीशा: अजी, राहू दे.

हेराशोभा: नाही, बरोबर बोलले ते. टोचलं, पण बरोबर बोलले. मी नसतं म्हटलं. पण जावईबापू, तुम्हाला माझ्या अब्रूची काळजी होती, म्हणून गप्प राहिलात, असं नका सांगू. तुमचा चेहरा तसा नाहीये. दुसरं काय आहे?

अष्टमान: काही नाही.

हेराशोभा: केशरीला हाक मारू? ती गच्चीवर कपडे काढतेय.

अष्टमान: तिला नको. तिला हे ठाऊक नाही.

हेराशोभा: मग मला सांगा.

अष्टमान: तुम्ही तिथे आलात, की मला जावईबापू म्हणाल.

हेराशोभा: मग काय म्हणू? आपण कोण, म्हणू?

अष्टमान: तिथे कुणाला माहीत नाही, आई. मी सांगितलंय, खोकन्याला घर पुन्हा बांधलं, तिथेच राहतो. पुढच्या टेबलावर रत्नमान आहे, तो बायकोच्या माहेरी राहतो. रोज त्याचा डबा उघडला की कुणीतरी विचारतं, काय रे, आज सासूनं अंडं दिलं का? नेसायला लुगडं दिलं का? सगळे हसतात.

नदीशा: तुम्ही?

अष्टमान: मीच जास्त हसतो. मी नाही हसलो तर माझ्याकडे बघतील.

नदीशा: म्हणून मला शिक्के आणायला पाठवलंत? दादा, शेवटचा शिक्का ज्या विभागाचा सांगितलात, त्या विभागाला कुलूप आहे. शिपाई म्हणाला, तो बंद होऊन जमाना झाला. मी तिथे दाराशी बसून राहिले, कुणीतरी येईल म्हणून.

अष्टमान: मला वाटलं, तेवढ्यात काहीतरी मार्ग निघेल. साहेब रजेवर जातील, नियम बदलेल. इथे नियम बदलतात अधूनमधून.

नदीशा: मी रोज रात्री वही काढून लिहीत बसायचे, माझं काय चुकलं ते.

अष्टमान: तुझं काही चुकलं नव्हतं.

नदीशा: हे आता सांगताय.

हेराशोभा: लसूण झाला का सोलून?

नदीशा: कधीचाच.

हेराशोभा: मग ऐका दोघं. उद्या कचेरी उघडायच्या आधी मी पायरीवर हजर. काळी पटासी नेसेन, लाल काठाची, लग्नात नेसतो ती. साहेबांसमोर उभी राहीन. म्हणेन, ही पोरगी माझ्याकडे भाड्यानं राहते. मोठ्यानं म्हणेन, मागच्या टेबलापर्यंत जाईल असं.

नदीशा: अजी, गल्लीत कळेल.

हेराशोभा: ज्ञानथकूंला कळलं की गल्लीला कळलंच. कळू दे. आणि पुढच्या महिन्यापासून कोनाड्यात नाही ठेवायचं. हातात द्यायचं. मी मोजून घेईन.

नदीशा: बरं.

हेराशोभा: विद्यापीठालाही दे त्यांचं काय ते. पाहुणीकडून पैसे घेणारी माणसं आहेत ती, त्यांचं त्यांच्यापाशी. मला ते कळलेलं नाही, कळायचंही नाही. रविवारी पहाटे उठायचं मात्र. तुझं ते गाणी टिपायचं यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून घे, पोरी चिखल उडवतात, आणि परक्या माणसावर जास्त उडवतात.

अष्टमान: आई... आणि मला? मला काय म्हणाल तिथे?

हेराशोभा: तोंड वर करा आधी. असं ताटात बघून माझ्याशी नाही बोलायचं.

अष्टमान: बघतोय.

हेराशोभा: ही पैसे देते, म्हणून ही भाडेकरू. तुम्ही एवढ्या वर्षांत एक दमडी दिली नाहीत, आणि मला कधी मागावीशी वाटली नाही, म्हणून तुम्ही घरचे. एवढा एक नियम कळला नाही तुम्हाला, आणि बसवलंय तुम्हाला नियमांच्या खिडकीत. घ्या आता. लोणचं तुमच्या वाटीत वाढलंय.